डुलकी

सरावात मनोऱ्यावरचा दिव्यांचा मोर तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा उर्बानोकाकांनी फडकं घेऊन आपला लाकडी ढोल पुसायला काढला. पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेला हा ढोल हाताने फिरवला की पट्ट्या तारांना टेकून दिवे लागत-विझत; असे मोहल्ल्याचे दिवे नाचवायचे, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. क्युबातल्या त्या गावात नाताळच्या आदल्या रात्री दोन मोहल्ल्यांचे दिव्यांचे मनोरे चौकात समोरासमोर उजळतात, चुरशीने. यंदा त्यासाठी मोहल्ल्याने पहिल्यांदाच ओदेलिसच्या लॅपटॉपवर भरवसा टाकला होता.

"चारपर्यंत जमलं तर तुझं डबडं, नाही तर माझा ढोल," काका म्हणाले. "समोरच्यांपुढे नाक कापून घ्यायचं माझं वय नाही आता."

"तुमचं नाक शाबूत राहील, काका. जरा दम धरा."

आठ महिने तिने एकेका दिव्याचा ठेका गाण्याशी जुळवला होता. ढोल चढला की ते सगळं पाण्यात. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप. वायरी नव्या, दिवे नवे. मनोऱ्याचा सांगाडा ठोकणारी बेलकिस तर छातीठोकपणे सांगत होती, की समोरच्यांनी उंदीर सोडलेत.

"उंदरांना काय गाण्यातला संथ भाग तेवढाच आवडतो?" ओदेलिस फटकन बोलली आणि स्वतःच चमकली. खरंच की! जलद तुकड्यात एकही दिवा चुकत नव्हता. संथ तुकड्यातच पिसारा उशिरा उघडत होता. म्हणजे लॅपटॉपच्या दोन हुकमांच्या मध्ये कुणीतरी झोपत होतं.

तिने लॅपटॉपच्या पॉवर सेटिंग्ज उघडल्या. प्रोसेसरचा किमान वेग: पाच टक्के. हे तिचंच काम होतं. क्युबात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे लॅपटॉप हाती आला की माणूस आधी बॅटरी वाचवायची सोय करतो, मग दुसरं काही. काम नसलं की प्रोसेसर डुलकी काढायचा आणि हुकूम आला की डोळे चोळत उठायचा. चोर घरातच होता!

रकाने दोन होते. 'वीज असताना'मध्ये तिने शंभर टाकले. 'बॅटरीवर'पाशी मात्र हात अडला. बॅटरी जुनी, पूर्ण वेगात जेमतेम दहा मिनिटं टिकणारी, आणि मोराचा खेळ बारा मिनिटांचा. तिने दात-ओठ खाऊन तिथेही शंभर टाकले.

पावणेचारला खेळ सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला शेडमधला पंखा थांबला.

"गेली मेली वीज!" बेलकिस ओरडली.

दिवे जनरेटरवर होते. लॅपटॉप नव्हता, कारण त्याच जनरेटरने मागच्या वर्षी चार्जर जाळला होता. काकांनी ढोलाचा दांडा धरला. संथ तुकडा आला. पिसारा उघडू लागला, पिसामागून पीस, अगदी ठेक्यावर. शेवटचा दिवा विझला आणि पाठोपाठ बॅटरी संपून लॅपटॉपचा पडदाही काळा झाला.

काकांनी ढोलाचा दांडा उपसून तिच्या हातात दिला.

"हा खुंटीला टांग. त्या रात्रीसाठी नवी बॅटरी मी बघतो कुठून तरी." ते डोळे पुसत हसले. "चाळीस वर्षं मीही संथ भागातच स्वतःला चिमटे काढायचो, पोरी. जलद भागात कुणाला झोप लागते?"