अर्ध्या दाराचं घर

“याला मॉडर्न म्हणतात,” आर्किटेक्टबाईंनी चित्र पुढे सरकवलं. “सपाट छप्पर, मोठाल्या काचा. सध्या सगळ्यांना हेच हवं असतं.”

“हे कपाट झालं,” मीटरमामा म्हणाले. “माणसं ठेवायचं.”

बाईंनी दुसरं चित्र काढलं. पुढे गोल खांब, वर त्रिकोण. “हे क्लासिकल.”

“हे कोर्ट.”

शेजारी बसलेल्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. पण मीटरमामांना कोण गप्प करणार? लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. काचेच्या घरातली माणसं दिवसभर पडदे ओढून बसतात आणि खांबवाले खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मग तुम्हाला हवंय तरी कसं?” बाईंनी हात टेकले.

“आमच्या आईच्या माहेरासारखं,” ते म्हणाले.

आईचं माहेर केव्हाच रस्त्यात गेलं होतं. आईला ते माहीत नव्हतं. हल्ली तिला काहीच माहीत नसायचं. नवरा गेल्याचं ती विसरली होती, साबण फ्रीजमध्ये ठेवत होती, सुनेला ‘अहो बाई’ म्हणत होती. मुलगा तेवढा राहिला होता. त्याला ती अजून बाळ्या म्हणायची. आणि राहिलं होतं ते माहेर.

रोज संध्याकाळी ती कपड्यांचं बोचकं काखेत मारून फ्लॅटच्या दाराशी उभी राहायची. “बाळ्या, मला घरी सोड रे. बाबा यायच्या आत पोचायला हवं.” मग मीटरमामा तिला लिफ्टने खाली न्यायचे, इमारतीला एक वळसा घालायचे आणि परत वर आणायचे. “आलं घर,” असं म्हणून दार उघडायचे. ती आत डोकवायची, आणि तिचं तोंड लहान मुलासारखं वाकडं व्हायचं. “हे नाही रे, बाळ्या.”

ते ‘हे नाही रे’ त्यांच्या जिवाला लागलं होतं. म्हणून त्यांनी राहता फ्लॅट विकायला काढला आणि शहराच्या टोकाला एक तुकडा घेतला. आईने सांगावं आणि बाईंनी काढावं, असं ते घर कागदावर उतरत गेलं. बुटकं, लांबट, उतरत्या कौलांचं. खिडकी इतकी खाली की तिच्यात बसून पाय बाहेर सोडता यावेत. पुढचं दार मधोमध आडवं कापलेलं. वरची झडप उघडी, खालची कडी लावून बंद. दाराबाहेर परक्या माणसांसाठी बाक.

“अर्धं दार? गोठ्याला असतं तसलं?” बाईंनी विचारलं. “आणि मागचं दार कुठे दाखवू?”

“मागचं दार तिथे नव्हतं.”

“अहो, कचरा टाकायला तरी,” बायको म्हणाली. “माझ्या स्वयंपाकघराला एक दार द्या. दुसरं काही मागत नाही मी.”

“नव्हतं म्हणजे नव्हतं.”

हट्टाला पेटलेल्या माणसापुढे शहाणपण चालत नाही, हे बायको लग्नापासून जाणून होती.

घर उभं राहिलं तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघत आणि हसत. मीटरमामांना त्याचं काही नव्हतं. राहायला जायच्या दिवशी त्यांना घास गेला नाही. आई ओळखेल का, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

रिक्षातून उतरल्यावर आई थबकली. तिने कौलांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग काठी तिथेच टाकून ती तरातरा चालत गेली, अर्ध्या दारावरून हात आत घातला आणि न बघता कडी काढली. कडी कुठे असते हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

मीटरमामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “बघितलंस?” ते बायकोला म्हणाले. तिचेही डोळे भरले होते. ती पिशव्या घेऊन सासूमागोमाग आत गेली.

रिक्षावाल्याला वाटेला लावून, काठी आणि बोचकं उचलून ते दाराशी आले, तर खालची झडप बंद. वरून आईचा चेहरा दिसत होता. इतका मोकळा चेहरा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“कोण पाहिजे?” आईने विचारलं.

“आई, मी आहे.”

“आई आत कामात आहे,” ती म्हणाली. “बाबा अजून आले नाहीत. बाकावर बसा.”

“अगं, मी बाळ्या.”

तिने मान हलवली. ओळख पटत नसलेल्या माणसाशी सभ्य घरातली मुलगी जसं वागेल, तशी ती वागत होती. या घरात तिचं लग्नच झालं नव्हतं. मुलगा कुठून असणार?

आतून बायकोचा आवाज आला, “मला मैत्रीण समजल्या हो. मला येऊ दिलं. तुम्ही मागून...” आणि ती मध्येच थांबली.

मागचं दार नव्हतं.

जबरदस्तीने कडी काढून बघितली, तेव्हा आई भेदरून किंचाळली. पुन्हा त्यांनी तसं केलं नाही. कामावरून आले की ते बाकावर बसत. आई निजली की बायको हळूच दार उघडी. काही दिवसांनी बदलेल, असं ती म्हणायची. बदललं नाही. बोचकं कपाटात पडून होतं. आई आता घरी सोड म्हणत नव्हती, आणि बाळ्या असंही म्हणत नव्हती.

एका संध्याकाळी अर्ध्या दारावरून पाण्याचा पेला बाहेर आला.

“रोज येता,” आई म्हणाली. “लांबून येता का?”

“हो,” मीटरमामा म्हणाले. “लांबून.”

“मग थांबू नका. अंधार व्हायला लागला.” तिचा आवाज मायेचा होता. “तुमची आई वाट बघत असेल. घरी जा.”

त्यांनी पाणी पिऊन पेला परत दिला.

“जातो,” ते म्हणाले, आणि बाकावर बसून राहिले.