बिनआवाजी नेम

दव पडलं की पीस मिटतं. टर्कीच्या पंखातलं, न कातरलेलं, बोटभर उंचीचं पीस कोरडं असलं की त्याचा एकेक धागा सुटा उभा राहतो आणि बाण हवेशी झगडत जातो. तीसेक पावलांनंतर दमून खाली येतो. ओल्या पिसाचे धागे मात्र एकमेकांना चिकटतात, बाणाला अडवणारं काही उरत नाही आणि तो शेतापलीकडच्या गवतात जाऊन हरवतो. म्हणून डार्लिसने पाठीवरच्या बाणांच्या पिसांवर पावाची रिकामी प्लास्टिकची पिशवी चढवली होती.

"पाव विकायला निघालीस की शिकारीला?" तिचा भाऊ व्हर्लिन मागून म्हणाला.

"बंदूक गाडीत ठेवलीस ना?"

"ठेवली गं बाई. दुसऱ्यांदा विचारतेयस. हे बघ हात. आता काय मिशीत लपवू?"

डेल्मर हसला. डेल्मर आणि डार्लिस गावच्या धान्यकोठारात कामाला होते. शेतकऱ्याचा ट्रक आला की ती वर चढून लांब पोकळ सळई गव्हात खुपसायची, नमुना काढायची, त्यातली ओल आणि प्रथिनं मोजायची. शिकारीत डेल्मरकडे एकच काम होतं, बाण कुठे पडला ते बघून ठेवायचं.

सप्टेंबर संपत आला होता. कापलेल्या गव्हाच्या खुंटांपलीकडे उंच पिवळं गवत होतं आणि त्यात मधूनमधून लाल बेरींची काटेरी झुडपं. ट्रूडी त्या गवतात शिरली. पांढरी, तपकिरी कानांची पॉइंटर कुत्री. तिची फक्त शेपटी दिसत होती.

ट्रूडी जन्मली व्हर्लिनकडे. त्याचा शिकारी पाहुण्यांचा लॉज होता. ऑक्टोबरात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला की मिनियापोलिस शहरातून माणसं यायची आणि डार्लिस त्यांच्यासाठी क्नेफ्लाचं, म्हणजे कणकेच्या गोळ्यांचं, सूप रांधायची. अशाच एका पहिल्या दिवशी व्हर्लिनने सात महिन्यांच्या ट्रूडीला पाहुण्यांबरोबर नेलं. पिल्लाला बंदुकीची सवय हळूहळू लावतात, आधी लांबून, मग जवळून. हे तो इतरांना शिकवत असे. पण त्या दिवशी पाहुणे घाईत होते. पक्षी उठला आणि आठ बंदुका एकदम तिच्या डोक्यावर वाजल्या.

दुसऱ्या दिवशी डार्लिसला ती शेजाऱ्याच्या धान्याच्या टाकीखाली सापडली. बाहेर येईना. डार्लिस सॉसेजचा तुकडा हातात धरून चिखलात पालथी पडून राहिली, अंधार पडेपर्यंत.

"बंदुकीला भ्यालेला कुत्रा मला काय कामाचा?" व्हर्लिन म्हणाला होता. "हवी तर ने तुझ्याकडे. मला तिच्याकडे बघवत नाही."

डार्लिसला ती घरातल्या शेगडीजवळ झोपवून ठेवता आली असती. पण फिरायला नेलं की ट्रूडी वाऱ्यावर नाक उचलायची, थिजायची, आणि ती जिथे बघत असेल तिथून हमखास पक्षी उठायचा. असं नाक डार्लिसने पाहिलं नव्हतं. आणि काडतुसं भरून बंदुकीची नळी नुसती खटकन मिटली, तरी तीच कुत्री गाडीखाली जाऊन थरथरायची.

डार्लिस बंदुकीची चांगली नेमबाज होती. तिने बंदूक कपाटात ठेवली आणि एक जुनं धनुष्य विकत आणलं.

त्या हिवाळ्यात डेल्मर यंत्रांच्या शेडमध्ये आइस्क्रीमच्या बादल्यांची झाकणं हवेत भिरकावायचा आणि ती बाण सोडायची. झाकणं फाटत गेली तसं गावाला कळलं. लोक गव्हाच्या नमुन्यांबरोबर झाकणंही आणून द्यायला लागले. कॅफेत ती आली की कोणीतरी विचारायचंच, "काय डार्लिस, आज किती गवत मारलंस?"

पहिल्या हंगामात काहीच मिळालं नाही. ट्रूडी उभी राहायची, पक्षी उडायचा, बाण जायचा, आणि ट्रूडी वळून तिच्याकडे बघायची. त्या बघण्यात तक्रार नसायची. पुढच्या हंगामात एक तित्तिर मिळाला. कॅफेतला प्रश्न मात्र बदलला नाही.

"थांबली," डेल्मर हळूच म्हणाला.

गवतातली शेपटी सरळ होऊन स्थिर झाली होती. डार्लिसने पिशवी काढून खिशात कोंबली, बाण लावला आणि ट्रूडीच्या उजवीकडून पुढे चालत गेली. धनुष्य ओढलं नाही. आधी ओढून ठेवलं की हात थरथरतो.

दोन ग्राऊस, कोंबडीएवढे रानपक्षी, कक्-कक्-कक् करत उठले, कोणीतरी आपल्यालाच हसावं तसे. बाण मागून गेला.

"बेरीच्या झुडपाच्या डावीकडे, दगडाच्या अलीकडे!" डेल्मर ओरडला.

मग तिघं वाकून बाण शोधू लागले. बराच वेळ गेला.

"आम्ही काडतूस उडवतो आणि विसरून जातो," व्हर्लिन कमरेवर हात ठेवून म्हणाला. "तुम्ही एका काडीसाठी सकाळ घालवता."

"काडी म्हणू नकोस," डेल्मर म्हणाला. "दोन संध्याकाळी बसून पिसं बांधते ती एकेका बाणाला. तू शोध गप."

बाण सापडला तो व्हर्लिनलाच. त्याने तो देण्याआधी टोकाची, पक्ष्याला पाडणारी तारेची कडी बोटाने चाचपून पाहिली, पिसांवरचं दव बाहीला पुसलं.

ट्रूडी पुढच्या उतारावर पुन्हा थांबली. या वेळी पुढचा एक पाय हवेतच राहिला होता. डार्लिस तिच्या पुढे गेली. एक पाऊल, आणखी एक. पक्षी एकटा होता; जवळून उठला आणि वाऱ्याकडे वळला. वळताना क्षणभर तो हवेत टांगल्यासारखा झाला. धनुष्य वर आलं, ओढलं गेलं, सुटलं. आवाज म्हणून फक्त पिसांची फडफड झाली. पक्षी हवेतच दुमडला आणि गवतात पडला.

ट्रूडी गेली, शोधलं, आणि मान उंच धरून ग्राऊस घेऊन आली. डार्लिसने हात पुढे केला तेव्हा तिने तो अलगद सोडला. पक्ष्याच्या पायांवर बारीक पिसं होती, बोटांपर्यंत. अंग उबदार होतं. डार्लिसने त्याचे पंख नीट मिटवले. ती उठली तेव्हा तिचे खांदे सरळ होते. धान्यकोठारात ती अशी उभी राहिलेली डेल्मरने पाहिली नव्हती.

व्हर्लिनने टोपी काढली होती.

"आपल्या म्हाताऱ्याने हे बघायला हवं होतं," तो म्हणाला. "डार्ल, अगं काय मारलास! उडता! मी आज कॅफेत जाऊन सांगणार. बघतो कोण गवत म्हणतो ते." मग तो डेल्मरकडे वळला. "आणि बघितलीस ना? माझी कुत्री!"

डेल्मरने डार्लिसकडे पाहिलं. ती बाणाचं टोक गवताने पुसत होती.

ऑगस्टपासून हे चाललं होतं. व्हर्लिनच्या एका कुत्र्याचा पाय काटेरी तारेत फाटला होता, दुसरा म्हातारा झाला होता. 'ट्रूडी दे' म्हणून त्याने आधी फोन केला, मग तो स्वतः आला. प्रत्येक वेळी ती म्हणायची, गहू संपू दे, मग बोलू. गहू आता संपला होता.

"फेझंटचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी येतो न्यायला," व्हर्लिन म्हणाला. "अगं, बारा माणसं येताहेत. कुत्रा नाही. गवतात काय मी भुंकू?"

तेवढ्यात मैलभर लांब, रस्त्यापलीकडे, कोणीतरी बंदूक उडवली. लागोपाठ दोनदा.

ट्रूडी जमिनीला चिकटली. कान मागे गेले. मग ती तशीच पोटावर सरपटत आली आणि डार्लिसच्या बुटांच्या मध्ये शिरली. डार्लिस गुडघ्यांवर बसली, तिच्या बरगड्यांखाली तळवा ठेवला. हृदय इतकं जोरात उडत होतं की मनगटापर्यंत कळत होतं. तिने कुरवाळलं नाही. हात नुसता तिथे राहू दिला. हळूहळू ठोके एकेक वेगळे लागायला लागले.

"बघ!" व्हर्लिन म्हणाला. "पळाली नाही! झाली की बरी. आता तोंडात पक्षी असताना वर एकदोनदा बंदूक उडवायची, दोन दिवसांत विसरेल. चुकलं माझं तेव्हा, घाई झाली, मान्य आहे. या वेळी नीट करतो. तू पण ये बघायला."

तो खरं बोलत होता, हे डार्लिसला ठाऊक होतं. तो नीट करायचा प्रयत्न करील, आणि पाहुणे घाईत असतील.

"ती बरी झालेली नाही," ती म्हणाली. "ती माझ्याकडे आली."

"म्हणजे तेच की."

"तेच नाही."

व्हर्लिनने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मग मी काय करू, ते तरी सांग."

डार्लिस उठली. ट्रूडीही उठली, अंग झटकलं, आणि तिचं नाक वाऱ्याकडे वळलं. डार्लिसने भावाकडे सरळ पाहिलं.

"कुत्रा शोधायला मी तुझ्याबरोबर फिरेन, हवं तितकं," ती म्हणाली. "पण ट्रूडी मिळणार नाही, व्हर्लिन. या वर्षी नाही आणि नंतरही नाही. ती माझी कुत्री आहे."