एकोणचाळीस शिंपल्यांचं वय

मी गोदूआजीच्या पेशींमधला एक जनुक बोलतोय. डीएनएचा धागा तुटला की तो पुन्हा जोडायचा, हे माझं काम. माझी घडण इतरांपेक्षा किंचित वेगळी आहे. ती आजीला तिच्या बापाकडून, काशीरामकडून मिळाली.

मला अजून कामोठ्याच्या खाडीकाठचं मिठागर आठवतं. आजी उन्हात दिवसभर उभी राहून लाकडी फावड्याने मीठ ओढायची. ऊन तिच्या कातडीतले धागे तोडायचं आणि मी ते जोडत बसायचो. आजीच्या शरीरात इतकं काम मला पुन्हा कधी पडलं नाही, आणि इतकं बरंही कधी वाटलं नाही.

लेक जन्मल्यापासून दर हंगामातलं पहिलं मीठ पडलं की काशीराम एका मडक्यात शिंपला टाकायचा. तेच लेकीचं वय. लग्न झाल्यावर मडकं तिच्याबरोबर सासरी आलं आणि शिंपला ती स्वतः टाकू लागली. बहात्तर साली मिठागर नव्या शहरासाठी गेलं. मडकं फळीवर चढलं.

आजीचा मुलगा आनंदा रंगाच्या कारखान्यात लागला. एक्कावन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेला. तेव्हापासून त्याची मुलगी समीक्षा स्वतःच्या अंगावरची प्रत्येक गाठ चाचपून बघते. अठ्ठावीस वर्षांची आहे. लग्नाचा विषय निघाला की उठून जाते.

मागच्या वर्षी डॉक्टर वल्लरी दीर्घायुषी माणसांचा अभ्यास करायला आल्या. नव्वदीपुढची माणसं आणि त्यांच्या घरचे, अशी अट होती. आजीच्या आधार कार्डावर कुणीतरी अंदाजाने अठ्ठ्याहत्तर वर्षं लावलेली. डॉक्टरांनी तिलाच वय विचारलं.

"एकोनचालीस," आजी म्हणाली.

समीक्षाची आई हसली. सासूबाई माझ्याहून धाकट्या निघाल्या, म्हणाली. समीक्षाने मात्र मडकं उतरवून शिंपले मोजले. बरोबर एकोणचाळीस होते. मग तिने विचारलं, मिठागर गेल्यावर का नाही टाकले?

"मीठच नाय, त मोजू काय?"

बांध फुटून खाडी आत शिरली, त्या दोन हंगामांतही मीठ नव्हतं, म्हणून शिंपलेही नव्हते, हेही आजीनेच सांगितलं. समीक्षाने वहीत बेरीज मांडली. एकोणचाळीस, वर दोन, वर बहात्तरनंतरची त्रेपन्न. चौऱ्याण्णव. डॉक्टरांनी ती वही दोनदा तपासली, मडक्याचा फोटो घेतला आणि तिघींचंही रक्त घेतलं.

निकाल सांगायला त्या पुन्हा आल्या. आजीच्या शरीरात मी सापडलो होतो. माझा आणि दीर्घायुष्याचा संबंध असू शकतो, सिद्ध झालेला नाही, असं त्यांनी सावकाश समजावलं. मी समीक्षातही होतो. तिच्या आईत नव्हतो.

समीक्षाचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला.

"म्हणजे हे बाबांकडूनच आलंय माझ्यात?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

हो, मी आनंदाच्या शरीरातही होतो. वीस वर्षं त्या कारखान्याच्या वाफेत मी धागे जोडत राहिलो. एक जोडेपर्यंत चार तुटायचे. मला पुरं पडता आलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर समीक्षा बराच वेळ फळीखाली बसून होती. आजीने विचारलं, काय गं, काय निघालं? ती म्हणाली, काही नाही आजी, तुझ्यातलं माझ्यात आहे, बाबांतही होतं. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माज्या आनंदाच्या अंगात पन होता," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समीक्षा खाडीवर गेली. मिठागराच्या जागी आता इमारती आहेत, पण ओहोटीला काठावर शिंपले मिळतात. तिने दोन आणले. एक आजीच्या हातावर ठेवला, दुसरा आपल्यासाठी नव्या बरणीत टाकला.

वाचकहो, माझ्यावर फार भिस्त ठेवू नका. मी तुटलेलं जोडतो, तेही जमेल तितकंच. आणि जमेल तितके दिवस जोडत राहीन.

आजीने शिंपला निरखला, पदराने पुसला आणि मडक्यात सोडला.

"चालीस," ती म्हणाली.