पितृपक्षात ठरलेलं नाव

पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. फ्रीज नाही, गाडी नाही, साधी केरसुणीही नाही. पण इंटरनेटवरचं नावसुद्धा घ्यायचं नसतं, हे ठरवणारी पहिली शहाणी मी, कल्पिता.

सगळं सुरू झालं माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, पेटीपासून. शकू त्यांचं नाव. लहानपणापासून त्यांनी काडेपेट्यांवरची चित्रं जमवलीत. मोर, वाघ, विमान, झोकात उभ्या बायका. लग्न होऊन डोंबिवलीजवळच्या या गावात आल्या तेव्हा पत्र्याच्या पेटीत भरून आणली. घरात सगळे त्याला कचराच म्हणायचे. मी सून म्हणून आले, पेटी उघडली, आणि असल्या चित्रांवर जीव टाकणारी माणसं देशभर आहेत हे शोधून काढलं. आईंकडे दोन-दोन असलेली चित्रं मी मोबाईलवर विकायला लागले, मग इतरांकडून विकत घेऊनही.

धंदा जमला तशी आमच्या नावावर नकली माल खपवणारी मंडळीही उगवली. खरा माल कुठे मिळतो हे गिऱ्हाइकाला कळायला स्वतःची वेबसाइट हवीच होती. नाव ठरलं, ‘शकूची पेटी’. ते रिकामं आहे हेही बघून ठेवलं. नयन, माझा नवरा, म्हणत होता, आत्ताच घेऊन टाक. मी म्हटलं, पितृपक्ष आहे, दसऱ्याला घेऊ. नवऱ्याचं लगेच ऐकायची आमच्यात पद्धत नाही.

घटस्थापनेला सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, दोन बॅनर लावले. आमच्या गावात वाढदिवस, बारसं, दहावी पास, कशालाही बॅनर लागतो, आणि प्रत्येकावर बाबांचा गॉगल घातलेला फोटो असतोच. या दोन्हींवर मात्र आई एकट्याच होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, आणि खाली हाताहाताएवढ्या अक्षरांत वेबसाइटचा पत्ता. एक गावच्या नाक्यावर आणि एक थेट ठाण्याला टेंभी नाक्यावर, देवीच्या गर्दीत.

दसऱ्याला पूजा आटोपून मी नाव घ्यायला बसले तर ते गेलेलं. कुणीतरी बॅनर वाचून उचललं होतं. त्याच्या पानावर लिहिलं होतं, विकणे आहे.

मी बाबांवर अशी बरसले की नयन गच्चीवर पळाला. “विचारायचं तरी होतंत! चोराच्या हाती किल्ल्या दिल्यात!” माझा मुहूर्त आडवा आला होता, ते मी सोयीस्करपणे गिळलं.

बाबा झोपाळ्यावर मान खाली घालून बसले होते. “तिचा नाव कंदी कुठं लागलाच नाय गो,” ते म्हणाले. “सातबाऱ्यावर नाय, बंगल्यावर नाय. मना वाटला, एकदा सगल्यांनी वाचावा.”

माझा राग तिथेच ओसरला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

“एक गुंठा इकतो,” बाबा म्हणाले, “पन नाव आन.”

“नाही बाबा. एकदा पैसे दिले की तो उद्या दुसरं नाव धरून बसेल. नवीन घेऊ.”

पण शकू या नावाच्या आसपासचं काही घेतलं असतं तर गिऱ्हाईक चुकून त्याच्याच दारात गेलं असतं. आणि आईंचं नाव सोडून दुसरं काही मला नको होतं. तेवढ्यात आई आपट्याची पानं ताटात लावत बाहेर आल्या, आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं मी विचारलं. “आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?”

त्यांचा हात थांबला. “आता कुनाला ठाव? त्या नावानं हाक मारनारी मानसाच रायली नाय.”

“शालन,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघी बघतच राहिलो. बायकोला नावाने हाक मारणाऱ्यांतले बाबा नव्हेत. जन्मभर त्यांनी “अगो” वर भागवलंय.

“लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मी शकू लिवला,” ते हळूच म्हणाले, “तवा ती रडत होती. मना वाटला, माहेरासाठी रडते.”

आई उगाचच पानं पुन्हा लावायला लागल्या.

मी फोन घेतला. ‘शालनची पेटी’ रिकामं होतं. पेटी माहेराहून आणली ती शालननेच, म्हणजे नाव खरंही होतं. तिथल्या तिथे घेतलं, डॉट कॉम, डॉट इन असे शेवट वेगळे असलेले त्याचे भाऊबंदही घेतले, आणि नोंदणी दरवर्षी आपोआप नवी होईल अशी सोय केली. “झालं,” मी म्हटलं, “आता हे कुणी नेत नाही.”

आई पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही. मी स्क्रीनवर बोट ठेवून वाचायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा फोन काढून घेतला आणि झोपाळ्यापाशी गेल्या.

“तू नको गो,” त्या म्हणाल्या. “यांना वाचू दे.”