शीतल पाडवीचं कार्ड

धर्मेंद्रने कार्डाच्या कडा दोन बोटांत धरल्या आणि ते ट्यूबलाइटखाली तिरपं केलं.

"हात नको लावू. डाग पडला की भाव गेला."

हर्षदाने पुढे केलेला हात मागे घेतला. कार्डावर क्रिकेटपटू शीतल पाडवीचा फोटो होता. डावा हात उंच, चेंडू सुटायच्या बेतात. शहाद्याच्या शाळेत दोघी एकाच संघात खेळायच्या. शीतल पुढे खेळत राहिली. हर्षदा लग्न होऊन सुरतेत गोडादऱ्याला आली, साड्यांवर खडे चिकटवू लागली.

"केवढ्याचं?"

"अठराशेला मिळालं. ऑनलाइन पंचवीसशेला जातंय."

ती उठली, कपाट उघडलं. दर महिन्याला उरतील त्यातले अर्धे पैसे त्याच्या क्रिकेटपटूंच्या कार्डांना, अर्धे तिच्या मॅचला, असं दोघांत ठरलं होतं. त्याचे आठवड्यात संपत. तिचे आठ महिने पाकिटात साठत होते. शीतलचा संघ उद्या पहिल्यांदाच सुरतला खेळणार होता. हर्षदाला सीमारेषेलगतची जागा हवी होती, हाक मारली तर ऐकू जाईल अशी.

पाकीट रिकामं होतं.

"अहो, यात माझ्या तिकिटाचे पैसे होते."

"तुझ्यासाठीच तर आणलं. मॅच तीन तासांत संपते, हे घरात राहील. वाटलं की बघायचं."

त्याने कार्ड आपल्या अल्बममध्ये सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साड्यांचा गठ्ठा पोचवून ती घरी न येता बसमध्ये चढली. स्टेडियमच्या गेटवरच्या माणसाने तिकीट मागितलं.

"नथी," ती म्हणाली.

"तो साइड पर ऊभा रहो, बेन."

ती भिंतीलगतच्या चहाच्या गाडीपाशी उभी राहिली. आत लाउडस्पीकरवर शीतलचं नाव पुकारलं गेलं. मग आरडाओरडा झाला. थोड्या वेळाने पुन्हा.

"कोणाची विकेट?" तिने चहावाल्याला विचारलं.

त्याने मोबाइल पाहिला. "पाडवी. चौथी."

भिंत दीड पुरुष उंच होती. तिच्यावरून दिव्यांचे खांब तेवढे दिसत होते. पाचव्या विकेटचा गलका झाला तेव्हा तिने कोणाला काही विचारलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा धर्मेंद्र अल्बम मांडीवर घेऊन मोबाइलवर मॅचची क्षणचित्रं बघत बसला होता.

"कुठे होतीस? पाच विकेट काढल्या तुझ्या शीतलने! कार्ड सीधं पाच हजारावर!"

"मग विका. पुढच्या महिन्यात त्या बडोद्याला खेळणार आहेत. दोघं जाऊ."

तो हसला. "आत्ता कोण विकतं? अजून चढेल."

"माझ्यासाठी आणलं म्हणाला होतात ना?"

"तुझंच आहे."

"मग द्या माझ्याकडे."

त्याचं हसू ओसरलं. तिच्याकडे न बघता त्याने अल्बम मिटला, काखेत मारला, आणि "विठ्ठलला दाखवून येतो" म्हणत शेजाऱ्याच्या खोलीत गेला.

हर्षदाने कणीक मळायला घेतली. पातळ भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. तो विठ्ठलला एकेक विकेट रंगवून सांगत होता, जणू आत्ताच स्टेडियमवरून आला होता. शीतलचा चौथ्या विकेटचा चेंडू कुठे पडला, कसा आत वळला, बॅट कशी हवेतच राहिली.

हर्षदाचे हात परातीत थांबले. ती भिंतीजवळ सरकली आणि ऐकू लागली.