शिट्टी वाजेपर्यंत

कारणसाहेबांनी सगळी नोकरी विमा कंपनीत काढली आणि सगळी नोकरी आगीवर काढली. कुठे गोदाम जळालं, दुकान जळालं, की दुसऱ्या दिवशी हे राखेत हजर. काठीनं राख उकरायची आणि मालकाला एकच प्रश्न विचारायचा, "कारण?" मालक म्हणायचा, "शॉर्ट सर्किट." जगातल्या तमाम मालकांचं यावर एकमत होतं. एकानं तर जिथे वीजच पोचली नव्हती अशा शेडचंही तेच कारण दिलं होतं. साहेबांनी आयुष्यात एकही खोटा दावा पास होऊ दिला नाही. त्यामुळे त्यांच्या निरोप समारंभात टाळ्या जरा जास्तच मनापासून पडल्या.

समारंभात कॅमेरा मिळाला. "आता फुलांचे फोटो काढा," वरिष्ठ म्हणाले. साहेबांनी आठवडाभर फुलांचे फोटो काढले; पण फुलांत तपास करण्यासारखं काही सापडेना.

मग बायको गेली. घरात आवाज करणारा फ्रिज तेवढा उरला. तो मधूनच घसा खाकरायचा. साहेब आतल्या खोलीतून "काय गं?" म्हणायचे आणि मग बराच वेळ कुणाशीच बोलायचे नाहीत, म्हणजे फ्रिजशीही.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच शहरात होता; सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकता फुंकता मास्तर निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. ती अजून गळ्यात असायची. बहीण होती तोवर ते दर रविवारी यायचे आणि दोघं पुरुष जगातल्या यच्चयावत विषयांवर भांडायचे. ती मधे बसून भाजी निवडायची आणि फार झालं की नुसतं "हं" म्हणायची. ती गेल्यावरही मास्तर काही दिवस आले. "बरंय ना भाऊजी?" "बरंय." चहा. "निघतो." मधे बसणारी नव्हती, आणि तिच्याशिवाय भांडायचं म्हणजे ते खरंच भांडण झालं असतं. हळूहळू रविवार विरळ झाले.

याच सुमारास साहेबांनी कुठेतरी तो फोटो पाहिला: काळ्याकुट्ट अंधारात ठिणग्यांचं भलंमोठं चाक आणि मधोमध माणसाची सावली. चौकशी करणं हाडीमाशी खिळलेलं, त्यामुळे आगीचं कारण लगेच हाती लागलं. लाकूड घासायला सुतार वापरतात ती बारीक लोखंडी लोकर घ्यायची, अंडी फेटायच्या तारेच्या पिंजऱ्यात कोंबायची, पिंजऱ्याला साखळी बांधायची. लोकरीला बॅटरी टेकवली की ती धुमसू लागते. मग साखळी गरगरा फिरवायची. तेवढा वेळ तिपाईवरचा कॅमेरा अंधारात डोळा उघडा ठेवून बसतो आणि उडालेली प्रत्येक ठिणगी टिपतो.

अडचण एकच. चाक फिरत असेपर्यंत कॅमेऱ्याचं बटण कुणाला तरी दाबून धरावं लागतं.

"रिमोट घ्या की," कॅमेऱ्याचा दुकानदार म्हणाला. "खिशात ठेवायचा. एकट्याचं काम होतं."

साहेबांनी रिमोटकडे संशयित राखेकडे पाहावं तसं पाहिलं. "नको. माणूस आहे."

बाहेर पडल्या पडल्या त्यांनी फोन लावला. "मास्तर, एक बोट पाहिजे."

"कुणाचं?"

"तुमचंच. शनिवारी, अंधार पडल्यावर. मोठ्या पुलाखाली."

"भाऊजी, तब्येत बरी आहे ना?"

पण आले. मग दर शनिवारी येऊ लागले. पुलाखाली मोकळी सिमेंटची जागा होती, वर गाड्यांची घरघर, खाली कुणी नाही. साहेब जाड टोपी, चष्मा, हातमोजे घालून उभे. शेजारी पाण्याची बादली, वाळूची बादली. आयुष्यभर लोकांच्या आगी पाहिलेला माणूस स्वतःची आग लावताना जपून असतो. मास्तर तिपाईपाशी. शिट्टी वाजली की साहेब फिरवायला लागायचे, दुसरी वाजली की थांबायचे.

"हात ताठ! कोपर कोपर!" मास्तर ओरडायचे. "काय पीठ मळताय का?"

"तुम्ही बटण सांभाळा. शिट्टी फुंकून पगार घेतलेला माणूस तुम्ही."

"आणि तुम्ही लोकांचे पैसे अडवून!"

अशी मजेत भांडणं चालायची. मधे कुणी "हं" म्हणणारं नव्हतं, पण ठिणग्या विझतानाचा तडतड आवाज तेवढ्यापुरता पुरायचा.

एका शनिवारी फोटो फारच हलले. साहेबांनी कॅमेऱ्यात पाहिलं. "मास्तर, हे चाक आहे का चुरगळलेला कागद? पोरांना इतकी वर्षं 'सावधान'मध्ये उभं केलंत, जरा बोटालाही सांगा की!"

मास्तरांनी दामदुप्पट परत करायला हवं होतं. पण त्यांनी उजवा हात खिशात घातला आणि म्हणाले, "खरं आहे."

अंथरुणावर पडल्यावर साहेबांना एकेक आठवू लागलं. मास्तर हल्ली चहा निववून पितात. कप दोन्ही हातांनी धरतात. बशी घेतच नाहीत. सगळा पुरावा टेबलावर मांडून ठेवलेला होता आणि कारणसाहेबांनी पंचनामाच केला नव्हता.

पुढच्या शनिवारी मास्तर आले नाहीत. कुरिअर आलं. आत रिमोट, आणि चिठ्ठी: "भाऊजी, आता फोटो हलणार नाहीत."

साहेब एकटे पुलाखाली गेले. कॅमेरा लावला, बादल्या ठेवल्या, रिमोट दाबला आणि साखळी फिरवायला लागले. ठिणग्या खांबांवर आपटत होत्या, जमिनीवर नाचत होत्या. फिरवता फिरवता लोकर जळून गेली, अंधार झाला, तरी हात फिरतच होता. रिकामा पिंजरा हवेत सूं सूं करत होता. कुणी थांबा म्हटलंच नव्हतं.

फोटो मात्र कंपासनं काढल्यासारखा गोल आला. इतका नेटका फोटो त्यांनी कधी काढला नव्हता. "बघा!" म्हणून ते वळले. मागे बादली होती.

सोमवारी त्यांनी फोन केला. "मास्तर, तुमचा रिमोट बिघडला."

"नवा कोरा आहे तो."

"तेच तर. बटण दबतच नाही. दबलं तर कॅमेरा ऐकत नाही. दुकानदार म्हणतो, ज्यानं घेतला त्यानंच दाखवायला पाहिजे. शिवाय हवा दमट आहे. आणि माझ्या हातून पडलाही असेल."

खरं बोलणारा एका वाक्यात आटपतो, खोटं बोलणारा पसरत जातो, हे साहेबांनीच कनिष्ठांना शिकवलं होतं. फोन ठेवल्यावर त्यांना आपल्याच दाव्याची लाज वाटली. हा त्यांनी एका वाचनात फेटाळला असता.

शनिवारी अंधार पडला. साहेब मुद्दाम बादल्यांची जागा बदलत राहिले. बऱ्याच वेळानं पुलाखाली ओळखीची पावलं वाजली.

"आणा इकडे," मास्तर म्हणाले.

त्यांनी रिमोट उलटसुलट पाहिला, कॅमेऱ्यासमोर धरून दाबला. कॅमेरा म्हणाला, खट्. पुन्हा दाबला. पुन्हा खट्, अगदी खणखणीत. वरून एक अवजड गाडी गेली, पण उशिरा गेली; तिचा काही उपयोग झाला नाही.

साहेब हातमोज्याचं टोक ओढत उभे होते.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कारण?"

साहेबांनी घसा खाकरला. "शॉर्ट सर्किट."

मास्तरांनी झाकण सरकवून आतला शर्टाच्या बटणाएवढा सेल पाहिला. झाकण लावलं.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "हल्ली फार होतं." रिमोट त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला. मग हळूच म्हणाले, "हात थांबत नाही हो, भाऊजी. वाढत जाणार म्हणतात डॉक्टर. फोटो हलणार."

"हलू देत."

साहेबांनी लोकर कोंबली, बॅटरी टेकवली. शिट्टी वाजली. साखळी फिरू लागली. तिपाईपाशी मास्तर डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून बटणावर वाकले होते. ठिणग्यांच्या उजेडात साहेबांना ते मधूनमधून दिसायचे, मधूनमधून नाही.

लोकर संपली. दुसरी शिट्टी यायला वेळ लागला; दोन्ही हात गुंतलेले होते. साहेब अंधारात रिकामा पिंजरा फिरवत राहिले, शिट्टी वाजेपर्यंत.