पत्रिकेतलं नाव

"मावशी, ह्यो लई जुना माल हाय. सात-आठ वर्सं कुणी हात लावला न्हाय." राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात सम्राटनं कागद वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सीडीच्या खोक्यावरची धूळ फुंकली. "नवीन घ्या की. वर्साला पैसं भरलं की झालं."

"छापील मराठी वाचून दाखवतंय का जुनं?" दानेश्वरीनं विचारलं.

"दाखवतंय की. हातानं लिवलेलं मातर न्हाय."

"मग दे. मीबी जुनीच हाय."

नव्याच्या दहाव्या हिश्शात सौदा झाला. एक वापरलेला स्कॅनरही मिळाला आणि दुपारी सम्राटनं स्वतः घरी येऊन सगळं जोडून दिलं.

दानेश्वरीला जन्मापासून दिसत नव्हतं. सहकारी बँकेच्या टेलिफोन बोर्डावर तिनं एकतीस वर्षं काढली, नुसत्या खोकल्यावरून खातेदार ओळखला. घरातला संगणक तिच्याशी बोलायचा, पण कागदापुढं तोही आंधळाच. कागद आला की भावजयीची वाट बघायची. रत्नव्वा भाकरी उलटता उलटता वाचणार आणि कंटाळली की म्हणणार, "एवढंच हाय वन्सं, बाकी काय न्हाय." या 'बाकी काय न्हाय'नं दानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाकी काही नाही हे ठरवणारी तू कोण?

पहिला कागद कोणता, हे ठरलेलं होतं. अनुजाच्या लग्नाची पत्रिका. भावाची ही लेक तिच्याच मांडीवर वाढलेली. पत्रिका छापून आली तेव्हा रत्नव्वा म्हणाली होती, "तुमचं नाव हाय की, पैल्या ओळीत." ते नाव एकदा कुणाच्या मेहरबानीशिवाय ऐकायचं होतं.

यंत्र अडखळत वाचू लागलं. गणपतीच्या चित्राचा त्यानं आठचा आकडा करून टाकला. मग मात्र गाडी रुळावर आली. आईवडील, चुलते, मामा, आजऱ्याचे पाहुणे. 'ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, त्यात तीन महिन्यांचं एक बाळसुद्धा. शेवटी छापखान्याचं नाव, फोन नंबरासकट. दानेश्वरी कुठंच नव्हती.

जुना माल, चुकला असेल. तिनं काच पुसली, पत्रिका फिरवून ठेवली, तीनदा वाचायला लावली. गणपती दर वेळी वेगळा निघाला. नावं मात्र तीच.

तिनं भावजयीला हाक मारली. "रत्नव्वा, पैली ओळ परत वाच."

रत्नव्वानं वाचली. दानेश्वरीचं नाव घेऊन, जराही न अडखळता. मग दानेश्वरीनं यंत्र सुरू केलं. ते छापखान्याच्या फोन नंबरापर्यंत वाचत गेलं.

बाहेरून आलेल्या भावानं, शिवप्रसादनं, दारातच सगळं ओळखलं. "अक्का, समजून घे. पावणं चौकशा करत्यात. रक्तातच आंधळेपण हाय काय म्हणतील. लगीन होऊ दे, मग सांगू की."

"आणि लग्नात मी कुठं बसू? माळ्यावर?" तिचा आवाज चढला. "नवऱ्या मुलाला ठाव हाय. अनुजानं पैल्याच भेटीत सांगितलंय. माझ्याशी बोललाय त्यो फोनवर. त्याला लाज वाटंना, तुला वाटत्या. माझ्या भावाला."

शिवप्रसाद चप्पल घालून पुन्हा बाहेर पडला.

न वाटलेल्या पत्रिका दिवाणावर होत्या, दीडशेच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरीनं कपाटातून शाळेतली ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. कागद मस्त जाड होता. अनुजानं प्रत्येक पत्रिकेवर, आईवडिलांच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर तिचं बोट नेऊन ठेवायचं. पुढचं काम टोचणीचं: ठिपक्याठिपक्यांनी स्वतःचं नाव.

दुपारी शिवप्रसाद कुरुंदवाडच्या पाहुण्यांच्या पत्रिका न्यायला आला. गठ्ठा उचलताना बोटांना खडबडीत लागलं.

"अक्का, हे काय टोचलंयस सगळ्यांवर?"

"वाच की."

"मला कुठं येतंय वाचायला?"

"मग घे कुणाकडनं तरी वाचून," दानेश्वरी म्हणाली आणि पुढची पत्रिका पाटीत अडकवली.